नावं ठेवताना

अंत्सिराबेत जुलैला हाडं वाजतात.
जलमापन कचेरीत शेगडी एकच,
आणि ती यंत्राजवळ, माझ्याजवळ नाही.
यंत्र म्हातारं. ऊब नसली
तर त्याची डिस्क दुपारपर्यंत खोकत राहते.

मी करपल्या भाताचं पाणी घोट घोट पिते.
पडदा म्हणतो : सापडत नाही.

काय सापडत नाही?
पाऊस वाचणारी फाइल.
डेल्फ्टहून फ्लॉपीवर आली तेव्हा होती.
तिथल्या मोठ्या यंत्रांवर नावांना
जमिनीवर लोळणारे पदर असतात :
रेनफॉल-रीड, रेनफॉल-राइट.

आमच्या डॉसचा उंबरा आठ अक्षरांचा.
रेनफॉल तेवढं मावलं, पदर दारातच कापला गेला.
आधी वाचणारी आत आली, रेनफॉल म्हणून बसली.
मागून लिहिणारी आली. तीही रेनफॉल.
तीही तिथेच बसली,
आणि पहिली नव्हतीच कधी.
ना भांडण, ना आवाज.
एका हाकेला दोघी ओ देऊ शकतात
हे यंत्राला कुणी शिकवलंच नव्हतं.

हसावं की काय करावं.
आमच्याच पगारपत्रकात
राकुतुआरिसुआ, राकुतुआरिमानाना, राकुतुआरिवेलु
आठव्या अक्षराला एकच माणूस होतात.
एका मार्चमध्ये दारावरच्या पहारेकऱ्याला
तिघांचा पगार मिळाला.
त्याने बदक घेतलं.
चौथ्या दिवशी पैसे परत केले, बदकासकट.

तर मी वही आखली.
डावीकडे पाळण्यातलं नाव, उजवीकडे हाक मारायचं.
रेनफॉल-रीड झाली आरएफरीड,
रिव्हर-लेव्हल-अ‍ॅव्हरेज झाली आरएलएव्हीजी,
जणू कुणाचे दात पाडलेत.
मग जिथे जिथे एक फाइल दुसरीला बोलावते
तिथे तिथे जाऊन हाक बदलायची.
एकेचाळीस फायली.
एक ओळ नजरेतून सुटली
की कंपायलरचे पुढचे पाढे पंचावन्न.
कचेरीत म्हणतात, वुआहांगी सगळ्यांना नावं ठेवते.
ठेवते. दोन दिवस दुसरं काही केलेलं नाही.

आणि शेवटी एक उरली,
जी फ्लॉपीवरची नव्हतीच.
नऊ वर्षं डिस्कच्या कोपऱ्यात पडून :
वुलातियान.
ना वहीत, ना कागदात.
उघडली. बावीस ओळी.
नदी बांधाच्या काठाला दोन मीटरवर आली
की घंटा वाजव, आणि थांबू नकोस.

हारिन्झाकाने लिहिलेली. मी त्याला पाहिलं नाही,
त्याची खुर्ची तेवढी मला मिळाली.
किल्ल्या सांभाळणारा तुवुनिरिना म्हणाला,
मुलगी त्याची, वुलातियाना.
माझा चेहरा बघून म्हणाला, पुरात नाही गं,
मोरोंदावाला असते, सुकी मासळी विकते, जाडी झालीय.
पण तान्ही होती तेव्हा
ती रडली की अख्खी गल्ली उठायची.
हा रात्रपाळीला डोळे चोळत यायचा आणि म्हणायचा,
नदीला असा गळा पाहिजे.

व्ही, ओ, एल, ए, टी, आय, ए, एन. आठ.
शेवटचा ए उंबऱ्याबाहेर.
आमच्या बोलीत शेवटचा स्वर
तसाही ओठांवरच विरतो,
हाक मारताना कुणी तो पुरता म्हणत नाही.
इतक्या नावांत एकदा
यंत्राने बरोबर ऐकलं होतं.

नियमाने हिलाही नवं नाव द्यायला हवं होतं,
घंटा, इशारा, असलं काहीतरी.
वहीत डावीकडे पूर्ण नाव लिहिलं, शेवटच्या ए-सकट.
उजवीकडे होतं तेच.

पुन्हा कंपाइल. यंत्र खोकलं, थांबलं, खोकलं.
चुका शून्य.
इशारा एक : बाराव्या ओळीत
एका चलाला किंमत दिली आहे, वापर कुठेच नाही.
राहू दे म्हटलं,
आणि शेगडी पायाने माझ्याकडे ओढली.